पेन्शनचा वर्ग, सातवी ब

सरांनी मान डोलावली आणि तिथंच सगळं बिघडलं.

सोमवारी दुपारी शाळेच्या सभागृहात पेन्शन कचेरीचे साहेब आले होते. यंदा निवृत्त होणाऱ्या मंडळींना पेन्शनचे तीन पर्याय समजावून सांगा, असा त्यांना वरून हुकूम होता. साहेबांनी पडद्यावर एकामागून एक बेचाळीस तक्ते दाखवले. पाचव्या तक्त्याला संगीताचे मास्तर झोपले. नवव्याला शिपाई पाणी आणतो म्हणून जो गेला, तो परत आलाच नाही. चित्रकलेच्या बाई वहीत लिहून घेत असाव्यात असं वाटत होतं, पण त्या साहेबांच्या टकलाचं रेखाचित्र काढत होत्या.

गणिताच्या सरांना मात्र साहेबांची दया आली. चौतीस वर्षं त्यांनी मेलेल्या चेहऱ्यांपुढे बीजगणित शिकवलं होतं. समोर पन्नास माणसं बसलेली आणि एकाचीही मान हलत नाही, हे दुःख काय असतं ते त्यांनाच ठाऊक. म्हणून केवळ माणुसकीखातर त्यांनी मान डोलावली. साहेबांचा चेहरा उजळला. मग ते उरलेले तेहतीस तक्ते एकट्या सरांकडे बघूनच बोलले, आणि सर बिचारे मान डोलावत राहिले. आता थांबावं तरी पंचाईत! डोक्यात एक अक्षर शिरत नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाले, "कुणाला काही शंका? नाही ना? असल्यास या सरांना विचारा. यांना सगळं समजलेलं आहे." आणि गाडीत बसून निघूनही गेले.

क्षणात सरांभोवती गराडा पडला.

"सर, तो दुसरा पर्याय काय होता हो?" चित्रकलेच्या बाईंनी विचारलं.

"सोपंय," सर म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप निघायचा. कितीही अवघड गणित फळ्यावर आलं तरी सर आधी "सोपंय" म्हणत आणि मग घाम पुसत. मुलांनी तर त्यांचं नावच सोपंय सर ठेवलं होतं. पण आज त्या शब्दानं त्यांचा घात केला.

"मग उद्या शाळा सुटल्यावर सांगा ना आम्हाला," बाई म्हणाल्या. "सातवी ब चा वर्ग रिकामा असतो."

नाही म्हणायला सरांनी तोंड उघडलं होतं. पण इतकी वर्षं ज्यानं कधी 'मला येत नाही' म्हटलं नाही, त्याची जीभ ऐनवेळी कशी वळणार?

घरी पोचले तर बायको दारातच.

"काय म्हणाले साहेब?"

"सोपंय."

"मग सांगा की."

"तीन पर्याय आहेत."

"ते तुमच्या हातातल्या पाकिटावरच छापलंय. पुढे?"

"पुढे काय, बघू. घाई काय आहे?"

"शुक्रवार आहे ना घाई! दुपारी एकच्या आत फॉर्म द्यायचाय, शाईनं भरून. एकदा दिला की ब्रह्मदेव आला तरी बदलता येत नाही म्हणे." तिनं हातातला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि त्यांच्यासमोर बसली. "अहो, किती मिळणार, कसं मिळणार, ते तुमचं तुम्ही बघा. मला एकच सांगा. तुमच्यानंतर मला मिळणार की नाही? का मी पिशवी घेऊन लेकीच्या दारात जाऊन उभी राहू?"

ती हसून बोलायला गेली होती, पण शेवटी आवाज जरा कापला. ही बाई झुरळाला, पावण्यांना आणि मुख्याध्यापकांना कशालाच कधी भ्यायली नव्हती. आज भीत होती, आणि सरांना तिला हो की नाही एवढंही सांगता येत नव्हतं.

"अभ्यास करून सांगतो," म्हणून ते पाकिटातली पुस्तिका घेऊन गॅलरीत गेले. पहिलंच वाक्य होतं: 'पर्याय दोनचा लाभ, पर्याय एकच्या अभावी परंतु पर्याय तीनच्या अधीन राहून, जेथे लागू असेल तेथे, अन्यथा नसल्यास, अनुज्ञेय राहील.' सरांनी ते चार वेळा वाचलं. मग त्याला 'क्ष' धरून बघितलं. शेवटी पुस्तिका उलटी धरून मागचा पत्ता वाचला. तेवढाच काय तो समजला.

मंगळवारी सातवी ब मध्ये अकरा माणसं जमली. मोठमोठी माणसं त्या इवल्याशा बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसली होती. सरांनी खडू घेतला, फळ्यावर 'पेन्शन' असं लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या, आणि त्यांचं ज्ञान संपलं.

"सर," पहिल्या बाकावरून चित्रकलेच्या बाईंनी हात वर केला, "माणूस गेल्यावर मागच्याला मिळतं, तो पर्याय कुठला?"

सरांची पाचावर धारण बसली. पण अनुभव काही उगाच नसतो. जगातल्या प्रत्येक शिक्षकाच्या पोतडीत अशा वेळेसाठी एक हत्यार असतं.

"छान प्रश्न!" सर म्हणाले. "कोण सांगेल?"

"मी सांगू? दुसरा," हजेरीपट सांभाळणारे कारकून म्हणाले.

"सगळ्यांना पटतंय?"

"हो सर!"

सरांनी फळ्यावर 'दुसरा' लिहिलं. पुढचा प्रश्न आला. छान प्रश्न, कोण सांगेल? असं करत करत तासभर गेला. लोक उत्तरं देत होते, सर लिहीत होते. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "माझ्या नणंदेला उद्या घेऊन येऊ का? सरकारी दवाखान्यात नर्स आहे."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते खरं. पण ती मूठ बघायला उद्या आणखी माणसं येणार होती.

बुधवारी चाळीस माणसं आली. नर्सबाई आल्या, दोन पोस्टमन आले, बसआगारातले मेकॅनिक आले, आणि पाणीपुरवठ्यातले एक गृहस्थ आले. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवून ते पाणी सोडायचे, म्हणून सगळे त्यांना पाणीवाले म्हणत. ते मुकाट्यानं शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाकावर बसलं की माणूस वय विसरतो. पाच मिनिटांत कुणी खिडकीबाहेर बघू लागलं, पोस्टमन एकमेकांना कोपरानं ढोसू लागले, आणि साठीला टेकलेल्या मेकॅनिकनं करंगळी दाखवून "सर, जाऊ?" असं विचारलं.

नर्सबाई मात्र फणकाऱ्याच्या होत्या. फळ्याकडे बघून म्हणाल्या, "हे चूक आहे. मागच्याला मिळतं ते तिसऱ्यात. दुसऱ्यात नाही."

"दुसऱ्यातच!" कारकून उसळले.

"तुम्ही दवाखान्यात आलात, तर इंजेक्शन कुठलं द्यायचं ते मी तुम्हाला विचारते का?"

वर्गात दोन तट पडले. सगळे सरांकडे बघू लागले. आणि हा प्रश्न तर सरांच्या घरचाच! याचं उत्तर मिळावं म्हणून त्यांचा जीव तीळतीळ तुटत होता.

"सर, तुम्हीच सांगा एकदाचं!"

"मी सांगितलं तर तुम्ही विचार करणार नाही," सर घाईनं म्हणाले. "परीक्षाच घेतो ना! वीस मार्कांची."

प्रश्न काढायला अक्कल लागत नाही, उत्तरं काढायला लागते, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी दहा प्रश्न लिहून दिले. चाळीस माणसं माना खाली घालून लिहायला बसली. नर्सबाईंनी डाव्या हातानं पेपर झाकला. कारकुनांनी उजवीकडे बघून घेतलं. पेपर झाले, तेव्हा खरी अडचण उभी राहिली. तपासणार कसे?

"शेजाऱ्याचा पेपर घ्या," सर म्हणाले. "उत्तर मी सांगत नाही. हात वर करा. जास्त हात ज्याला, ते बरोबर."

आता बहुमतानं सरपंच निवडता येतो, पेन्शन थोडीच निवडता येते? पण त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नाही. नर्सबाईंचा आवाज मोठा होता, म्हणून आज 'तिसरा' बरोबर ठरला. सरांनी 'दुसरा' पुसून 'तिसरा' लिहिलं. नर्सबाईंना अठरा मार्क पडले. सगळ्यांत कमी, तीन, पडले पाणीवाल्यांना. सवयीनं सरांनी त्यांच्या पेपरवर लाल शाईत लिहून टाकलं: 'बडबड कमी, लक्ष जास्त.' पाणीवाले आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी पेपरची नीट घडी केली आणि खिशात ठेवली.

त्या संध्याकाळी बायकोनं विचारलंच. "बाजारात सगळे तुमचंच कौतुक करतायत. सगळ्या गावाला पेन्शन समजावून देताय म्हणे. मग घरातल्या माणसानं काय घोडं मारलंय?"

"सांगतो ना. उद्या."

"उद्या गुरुवार."

"माहितीय गं मला वार!" सर खेकसले, आणि मग त्यांना इतकं वाईट वाटलं की ते न जेवताच उठले.

गुरुवारी वर्ग भरून लोक दाराबाहेर उभे होते. सर आत शिरले आणि जागच्या जागी थबकले. शेवटच्या बाकावर, पाणीवाल्यांच्या शेजारी, साक्षात पेन्शन कचेरीचे साहेब बसले होते!

संपलं, सरांना वाटलं. चौतीस वर्षांची अब्रू आता पाच मिनिटांत जाणार.

"साहेब, तुम्ही? इथं?"

"बसलोय सहज," साहेब अवघडून म्हणाले. "चालू द्या तुमचं."

तेवढ्यात दारातली गर्दी जरा हलली आणि सरांची बायको आत आली. हातात कोरा फॉर्म. नर्सबाईंनी सरकून तिला जागा दिली. ती बसली आणि तिनं सरळ हात वर केला.

"सर," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्यांना पहिल्यांदाच सर म्हटलं असेल. "नवरा गेल्यावर बायकोला मिळतं ते कुठल्या पर्यायात?"

सरांनी फळ्याजवळचा खडू उचलला.

"छान प्रश्न," ते कसेबसे म्हणाले. "कोण... आज आपल्यात साहेबच आहेत. साहेब सांगतील."

साहेब शाळकरी पोरासारखे उभे राहिले. त्यांनी रुमालानं टक्कल पुसलं. "त्याचं असं आहे... म्हणजे... सरच सांगतील."

"तुमचंच तर खातं ना साहेब!" नर्सबाई म्हणाल्या.

"खातं माझं आहे हो," साहेब रडकुंडीला आले, "पण मी गेल्या महिन्यापर्यंत भांडार विभागात होतो, टाचण्या आणि गोंद मोजत. ते तक्ते वरून आले, मी वाचून दाखवले. मला वाटलं, ह्यांना तरी समजलं. मीही चार महिन्यांनी निवृत्त होतोय. म्हणून तर इथं येऊन बसलो!"

कुणी हसलं नाही. चाळीस-पन्नास डोळ्यांच्या जोड्या आता सरांवर. सरांना त्यातली एकच जोडी दिसत होती. बायको रागावलेली नव्हती. ती फक्त वाट बघत होती.

सरांनी खडू खाली ठेवला.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला काहीच समजलेलं नाही. पहिल्या दिवसापासून. मी साहेबांची कीव येऊन मान हलवली, आणि मग थांबता आलं नाही. ह्या फळ्यावर आहे त्यातलं एक अक्षरही माझं नाही."

मग चित्रकलेच्या बाई खुदकन हसल्या.

"सरांची पद्धतच ती! मुद्दाम म्हणतायत, आपल्याकडून काढून घ्यायला."

"अहो नाही हो, खरंच!"

"बघा, अजूनही सांगत नाहीत," मेकॅनिक कौतुकानं म्हणाले. "असा शिक्षक होणे नाही."

सरांना आता रडावं की हसावं तेच कळेना. आयुष्यात एकदा खरं बोलावं आणि कुणी विश्वास ठेवू नये! त्यांनी हात जोडले. "पाया पडतो तुमच्या. मला शिकवा कुणीतरी. उद्या फॉर्म द्यायचाय, आणि मी काय चुकीचं लिहिलं तर..." त्यांना पुढे बोलवेना. त्यांनी नुसतं बायकोकडे बोट दाखवलं.

तेव्हा मागच्या बाकावरून पाणीवाले उठले.

"मी सांगू?"

"तुम्हाला तर तीन मार्क पडले होते!" नर्सबाई म्हणाल्या.

"हो बाई. बाकीच्यांनी वेगळं लिहिलं म्हणून." ते फळ्यापाशी आले, खडू घेतला आणि एक टाकी काढली. "ही टाकी. पहिल्या पर्यायात हिला एकच नळ, तुमचा. धार जोरात. पण तुम्ही गेलात की व्हॉल्व्ह बंद, घरात थेंब नाही. दुसऱ्यात पहिल्या दिवसापासून दोन नळ, नवऱ्याचा आणि बायकोचा. धार जरा बारीक. पण एक बंद झाला तरी दुसरा वाहतो, ती असेपर्यंत. तिसऱ्यात आधी मोठी बादली भरून घ्यायची. एकरकमी. मग धार बारीक, आणि नळ पुन्हा एकच. बादली दिसते मोठी, म्हणून लोक फसतात."

"तुम्हाला कसं ठाऊक?" साहेबांनी विचारलं. ते भराभर लिहून घेत होते.

"माझ्या थोरल्या भावानं पहिला घेतला. जास्त मिळतं म्हणून. दीड वर्षात गेला तो. वहिनी माझ्याकडे आली, म्हणाली, भाऊजी, पैसे यायचे बंद झालेत, काहीतरी चूक झाली असेल. तुमच्याच कचेरीत सात हेलपाटे घातले मी, साहेब. सातव्या वेळी एका म्हाताऱ्या बाबूनं समजावून सांगितलं. चूक काही नव्हती. भावानं टिकच तशी केली होती." त्यांनी खडूची पूड झटकली. "वहिनी आता दुसऱ्यांची धुणी धुते."

नर्सबाईंनी आपल्या पेपरवरचे अठरा मार्क हळूच खोडले.

"अहो, मग काल बोलला का नाहीत?" सरांनी विचारलं.

"हात वर केला होता सर. पण तुम्ही पुढच्या दोन बाकांनाच विचारता."

सर खजील झाले. मुलांनी आजवर हे सांगितलं नव्हतं, कारण सांगायला हात वर करावा लागला असता. आणि टाकी, दोन नळ! चौतीस वर्षं दर वर्षी ते हीच गणितं घालत आले होते. किती तासांत भरेल, किती तासांत रिकामी होईल. टाकी कुणाच्या घरची, हे कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांनी पाणीवाल्यांचा हात हातात घेतला आणि भर वर्गात त्यांचे डोळे भरून आले. मंडळींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. हाही पद्धतीचाच भाग असावा, असं काहींना वाटलं.

शुक्रवारी साडेबाराला नवराबायको पेन्शन कचेरीत पोचले. सरांनी दुसऱ्या पर्यायावर इतकी ठळक टिक केली की कागद फाटायचाच राहिला. आता खाली बायकोची सही, की झालं.

बायकोनं चष्मा लावला आणि सहीच्या वरची ओळ वाचली. "हे काय लिहिलंय? 'वरील तिन्ही पर्याय मला माझ्या पतीने समजावून सांगितले असून ते मला पूर्णपणे समजले आहेत.'"

"हं. कर सही."

"पण हे खोटं आहे."

"अगं, छापील असतं ते. सगळ्याच करतात."

"मला समजलंय हे खरं. पण तुम्ही कुठं सांगितलंत?" आणि सर हां हां म्हणेपर्यंत तिनं 'माझ्या पतीने' वर काट मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'पाणीपुरवठ्यातल्या गृहस्थांनी'. मग खाली झोकात सही केली.

खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म बघितला आणि परत सरकवला. "खाडाखोड चालत नाही."

"मग दुसरा फॉर्म द्या," सर म्हणाले.

"फॉर्म संपले."

घड्याळात एकला दहा कमी. हातातोंडाशी आलेला घास जातो की काय! सरांनी बायकोकडे बघितलं. ती शांत. "खोट्यावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "आयुष्यभर ज्याच्यावर पोट भरायचं, त्याची सुरुवात खोट्यानं कशाला?"

सरांनी तिचा हात धरला आणि तिला घेऊन सरळ साहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

साहेबांनी फॉर्म वाचला. एकदा, दोनदा. मग बराच वेळ त्या खोडलेल्या ओळीकडे बघत बसले. बाहेर कुणीतरी खिडकीची फळी ओढून घेतल्याचा आवाज आला, तशी सरांनी डोळेच मिटले.

"ही खाडाखोड नाही," साहेब म्हणाले. "दुरुस्ती आहे." आणि त्यांनी समासात सही ठोकली, शिक्का मारला, तारीख घातली, वेळ घातली, बारा सत्तावन्न. पोचपावती त्यांनी सरांच्या हातात न देता त्यांच्या बायकोच्या हातात दिली. तिनं ती वाचली, पर्समध्ये ठेवली, पर्स बंद केली, आणि मग पुन्हा उघडून एकदा बघून घेतली. "बाई गं," ती एवढंच म्हणाली, आणि खुर्चीत मटकन बसली.

सर आभार मानून उठणार, इतक्यात साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, एक विचारू? मी काल घरी जाऊन आमच्या हिला सगळं नीट समजावून सांगितलं. टाकीसुद्धा काढून दाखवली. तर म्हणते, तुमच्या सांगण्यावर मी सही करणार नाही." साहेबांनी रुमाल काढला. "ते पाणीवाले घरी येऊन सांगतात का हो?"

"येतील की," सरांची बायको म्हणाली. "पण पाणी सोडायची वेळ टाळून बोलवा."